तांब्याच्या गावात होडीचे स्वप्न

सोनगीर म्हटले की तांब्या-पितळेची भांडी डोळ्यांपुढे येतात. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या, किल्ल्याच्या या गावाचे नाव हातोडीनेच दूरवर नेले. घरोघरी स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिक आल्यावर त्या हातोडीचे काम किती घटले, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. अशा गावातला एखादा कारागीर ‘मी स्वतः होडी बांधीन आणि स्वतः वल्हवीन’ असे म्हणू लागला तर लोक हसतील. आमच्या मते हसण्यासारखे त्यात काही नाही.

समुद्र दूर असला तरी पाणी दूर नाही. महामार्गाने उत्तरेला नरडाणा मागे टाकले की सावळद्याला तापी लागते. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेजमुळे या नदीत आता पाणी अडून राहते. पलीकडे नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी सरकारला तरंगता दवाखाना चालवावा लागला. तेथे होडी ही चैन नाही, रस्ता आहे.

आणि नमुन्याचे म्हणाल तर तोही खानदेशच्या उंबरठ्यावर सापडतो. जळगावपासून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यातल्या एका होडी कारखान्याने केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज बांधले. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. मे २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांची जहाजे पूर्वी अशीच शिवलेली असत.

हीच शिवण आज हौशी लोकांच्या छोट्या होड्यांत वापरतात, फक्त दोरीच्या जागी तांब्याची तार असते. प्लायवूडच्या कडांना भोके पाडायची, तारेने टाके घालून पीळ द्यायचा, सांध्यावर काचतंतूची पट्टी व रेझीन बसवायचे. मग तार कापली तरी चालते. १९६२ साली इंग्लंडमध्ये ‘मिरर’ नावाची सुमारे अकरा फुटी शिडाची होडी याच पद्धतीने निघाली. सुट्या भागांची पेटी घरी आणून लोकांनी ती अंगणात, गॅरेजमध्ये बांधली. अशा ७०,००० च्या वर होड्या झाल्या. त्या बांधणारे बहुतेक साधे नोकरदार होते, होडीचा पिढीजात धंदा करणारे नव्हेत.

एकावर एक फळी चढवून बांधलेल्या लाकडी होडीत तर तांब्याचाच खिळा लागतो. खिळा आरपार घालून आतल्या बाजूने तांब्याची चकती चढवतात आणि टोक ठोकून पसरवतात, म्हणजे आपले रिव्हेटच. तांबे गंजत नाही, आणि तापवून घेतले की मऊ होते, हे तांबटाला कोणी शिकवायला नको. एक सावधगिरी मात्र हवी. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतले जस्त झिजून जाते आणि स्क्रू ठिसूळ होतात. तांब्याला लोखंड टेकले तर लोखंड लवकर सडते. समुद्रावरच्या गिऱ्हाइकाला पितळी स्क्रू देऊन नाव घालवू नये. तापीच्या गोड्या पाण्यात हा धोका कमी.

आता हिशेब. प्लायवूडची आठ बाय चारची शीट सुतारांना पाठ आहे. तिचा तळ करून उभ्या भिंतींची होडी केली तर ती पाण्यात एक सेंटिमीटर बुडताना सुमारे ३० किलो भार पेलते. होडी ६० किलोची आणि माणसे चार, प्रत्येकी ७० किलो, म्हणजे एकूण ३४० किलो. होडी साडेअकरा सेंटिमीटर बुडेल. भिंत दीड फूट ठेवली तर जागा पुष्कळ उरते. पण चौघे एका बाजूला उठून उभे राहिले तर हा हिशेब कामाचा नाही.

यातून मोठा धंदा उभा राहील, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडे लहान होड्या बहुतांशी फायबरच्या निघतात, तेव्हा कर्ज काढून कारखाना घालणे शहाणपणाचे नाही. सुतार, पत्रेवाला आणि तांबट अशा तिघांनी फावल्या वेळात एक होडी बांधावी, सहा महिने वापरावी, आणि मगच दुसरीचा भाव सांगावा. मोटार बसवायची असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. बिनमोटारीच्या होडीचीही नोंद या कायद्यात सांगितली आहे. माणशी एक जीवरक्षक जाकीट हे पहिल्या दिवसापासून हवे.

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापीचे रूप बदलते. त्या दिवसांत होडी काठापासून दूर उंचावर उलटी घालून ठेवावी आणि सांधे तपासावेत.