राळ्याच्या नावाचा फोन

राळे हे धान्य जुन्या माणसांना चांगले ठाऊक आहे. भोगीच्या दिवशी राळ्याचा भात करण्याची चाल काही घरांतून अजून आहे. चिनी भाषेत या धान्याला ‘शाओमी’ म्हणतात. ६ एप्रिल २०१० रोजी लेई जुन नावाच्या गृहस्थाने काही भागीदारांसह बीजिंग शहरात एक लहानशी कंपनी काढली आणि तिला हेच नाव दिले. पहिल्या दिवशी मंडळींनी राळ्याची पेज पिऊन कामाला आरंभ केला, असे सांगतात. आपल्याकडे ‘रेडमी’ म्हणून जो फोन ओळखला जातो, तो याच घराण्यातला. तो थोड्या पैशांत कसा मिळू लागला, आणि त्या स्वस्ताईची उरलेली किंमत आपण कशी देतो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

फोनचे दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसणारे यंत्र, आणि दुसरी त्या यंत्राला चालविणारी आज्ञावली. गाडी आणि गाडीवान म्हणा ना! या कंपनीने आधी गाडीवान तयार केला. ऑगस्ट २०१० मध्ये तिने गूगलच्या अँड्रॉइडवर बेतलेली ‘मीयूआय’ ही आज्ञावली लोकांपुढे ठेवली. लोक ती दुसऱ्या कंपन्यांच्या फोनांत घालून पाहात, उणेअधिक कळवीत, आणि कंपनी दर आठवड्याला दुरुस्ती करी. तिचा स्वतःचा पहिला फोन त्यानंतर वर्षाने, ऑगस्ट २०११ मध्ये, जाहीर झाला.

भारतात ही कंपनी जुलै २०१४ मध्ये आली. पहिल्या फोनची किंमत १३,९९९ रुपये होती. पाठोपाठ सप्टेंबरात ५,९९९ रुपयांचा रेडमी आला. दुकानात मात्र तो नव्हता. फ्लिपकार्टवर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी विक्री उघडे आणि काही सेकंदांत माल संपे. आता हिशेब करा. दुकानदाराची आडत वाचली. मोठमोठ्या जाहिरातींचा खर्च वाचला. फोन दुसऱ्यांच्या कारखान्यांत जोडून घेतल्यामुळे स्वतःचा कारखाना उभारण्याचे भांडवलही वाचले. पुढे २०१८ साली कंपनीने असेही जाहीर केले, की यंत्रांच्या विक्रीवर शेकडा पाचाहून अधिक निव्वळ नफा आपण ठेवणार नाही.

मग कंपनी जगते कशावर? इथेच खरी मेख आहे. लोहाराने फाळ करून दिला, पैसे घेतले, की व्यवहार संपला. फोनचे तसे नसते. पडद्यावर मधूनच एखादी जाहिरात दिसते, तिचे पैसे कंपनीला मिळतात. विकत घेतल्यानंतरही फोन रोज कंपनीशी बोलत असतो. म्हणून तो काय बोलतो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

हा प्रश्न २०१४ सालीच पुढे आला. फिनलंडमधील एफ-सिक्युअर या संस्थेने रेडमीची तपासणी केली, तेव्हा फोनमधील काही माहिती कंपनीच्या यंत्रांकडे जात असल्याचे तिला आढळले. त्यानंतर कंपनीने ती सेवा ग्राहकाने स्वतः चालू केल्याखेरीज चालू होऊ नये, अशी दुरुस्ती केली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यांत या कंपनीचीही दोन होती. एप्रिल २०२२ मध्ये परकीय चलनाच्या कायद्याखाली अंमलबजावणी संचालनालयाने कंपनीचे ५,५५१ कोटी रुपये जप्त केले; कंपनीने आरोप नाकारला. पण तेवढ्यावरून फोन चिनी म्हणून वाईट आणि दुसरा म्हणून चांगला, असे समजू नये. फोन कोरियाचा असो की अमेरिकेचा, माहितीचा प्रश्न सर्वांनाच लागू आहे.

तरुण मंडळी विचारतील, आपल्याकडे याचे कारखाने का नाहीत? १० ऑगस्ट २०१५ रोजी विशाखापट्टणम येथे या कंपनीने भारतात जोडलेला आपला पहिला फोन जाहीर केला. तो आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे, तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यात जोडलेला होता. त्याच्या दोनच दिवस आधी, ८ ऑगस्टला, याच फॉक्सकॉनने महाराष्ट्र शासनाशी पाच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा करार केला होता. तो प्रकल्प आला नाही. जानेवारी २०२० मध्ये उद्योगमंत्र्यांनीच तसे सांगितले. सही होणे निराळे आणि भोंगा वाजणे निराळे. कोराडीत १९७४ साली विजेचा पहिला संच सुरू झाला, त्या गावाला हा फरक सांगायला नको.

विजेवरून आठवले. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी एकदा पूर्ण भरायला, गळती धरून, सुमारे २५ वॅट-तास वीज लागते. म्हणजे एका युनिटात फोन चाळीस वेळा भरतो. कोराडीचा ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला, तर दोन कोटी साठ लाखांहून अधिक फोन भरतील! तेव्हा फोन महाग पडतो तो विजेमुळे नव्हे. बॅटरी थकते आणि आज्ञावलीची दुरुस्ती येणे बंद होते, तेव्हा तो महाग पडतो. दुरुस्ती थांबली, की भामट्यांना घरात शिरायला फट मिळते. आणि आज बँकेचे व्यवहारही त्याच फोनवर होतात.

म्हणून फोन घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, सुरक्षिततेची दुरुस्ती किती वर्षे मिळणार? हाती असलेल्या फोनमध्ये शेवटच्या दुरुस्तीची तारीख सहसा सेटिंगमधील ‘फोनविषयी’ या सदरात सापडते. दुसरी, बॅटरी बदलून कोठे मिळेल आणि काय पडेल? तिसरी, जुना फोन घेत असाल तर तो चोरीचा नाही ना? *#०६# दाबले की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोनची कुंडली कळते.

शिक्षक बंधुभगिनींनी ही तारीख आणि हा क्रमांक पाहण्याचा पाठ वर्गात एकदा जरूर घ्यावा. टॉर्चचे ॲप जर तुमच्या नातेवाइकांचे नंबर पाहण्याची परवानगी मागू लागले, तर ‘का रे बाबा?’ असे विचारायला मुले शिकली पाहिजेत. राळे घेताना आपण मूठभर हातावर घेऊन पारखतो. राळ्याच्या नावाचा फोनही तसाच पारखून घ्यावा.