टी-साहाय्यक कोशिका

रक्त, लसीका ग्रंथी, प्लीहा इ. ठिकाणी आढळणाऱ्या लसीका कोशिकांचा (श्वेत कोशिकांच्या एका प्रकाराचा) एक गट. या कोशिका स्वतः जंतूंचे भक्षण करीत नाहीत आणि प्रतिपिंडेही निर्माण करीत नाहीत. ही कामे करणाऱ्या अन्य कोशिकांना रासायनिक संदेश देऊन कार्यप्रवृत्त करणे, हे त्यांचे कार्य असल्यामुळे त्यांना ‘साहाय्यक’ म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. कारण शरीराचा प्रतिकार कोणत्या मार्गाने जावा हे बव्हंशी याच कोशिका ठरवितात. मार्ग चुकल्यास प्रतिकार जोमदार असूनही निरुपयोगी ठरतो. एकाच जंतूपासून दोन व्यक्तींना जवळजवळ दोन निराळे रोग कसे होऊ शकतात, याचा उलगडा यातूनच झाला असून कुष्ठरोग हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

उत्पत्ती व परिपक्वता : सर्व लसीका कोशिकांचे मूळ अस्थिमज्जेत असते. त्यांतील काही अपक्व कोशिका उरोस्थीमागील यौवनलोपी ग्रंथीत जाऊन तेथे परिपक्व होतात. या ग्रंथीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून त्यांना टी-कोशिका असे नाव मिळाले. ही ग्रंथी म्हणजे एक अवशेष असावा, अशी समजूत दीर्घकाळ होती. जाक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती ढासळल्याचे दिसून आले आणि तिचे महत्त्व कळले. ग्रंथीत प्रत्येक कोशिकेच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट ग्राही प्रथिन तयार होते. ज्या कोशिकांचा ग्राही निरुपयोगी असतो त्या, तसेच ज्यांचा ग्राही स्वतःच्याच ऊतकांना घट्ट चिकटतो त्याही, तेथेच नष्ट केल्या जातात. फार थोड्या कोशिका या परीक्षेतून पार पडतात. त्यांपैकी ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी-४ हे प्रथिन टिकून राहते त्या साहाय्यक कोशिका बनतात. सीडी-८ प्रथिन असलेल्या कोशिका मारक असतात.

यौवनलोपी ग्रंथीतून बाहेर पडलेल्या साहाय्यक कोशिकेला कोणत्या जंतूशी गाठ घालावयाची हे ग्राहीमुळे ठरलेले असते. ती कशा प्रकारचे साहाय्य करील हे मात्र अजून ठरलेले नसते.

प्रकारनिश्चिती : जंतू शरीरात शिरल्यावर महाभक्षी कोशिका व त्वचेसारख्या ऊतकांतील शाखायुक्त कोशिका त्याला गिळतात, त्याच्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि ते आपल्या पृष्ठभागावरील ऊतकसुसंगती प्रथिनांच्या खाचेत बसवून लसीका ग्रंथीत मांडतात. या तुकड्याशी जुळणारा ग्राही असलेली कोशिका तेथे आली, की तिला पहिला संदेश मिळतो. दुसरा संदेश तुकडा मांडणाऱ्या कोशिकेवरील पूरक प्रथिनांकडून येतो. तो न मिळाल्यास साहाय्यक कोशिका निष्क्रिय होते. तिसरा संदेश सायटोकाइन नावाच्या विद्राव्य प्रथिनांचा असतो आणि कोशिकेचा पुढील प्रकार मुख्यतः त्यावरून ठरतो.

साहाय्यक कोशिकांत उपप्रकार असल्याचे १९८६ मध्ये टिमोथी मॉसमन व रॉबर्ट कॉफमन यांनी कॅलिफोर्नियातील संशोधनात दाखवून दिले. उंदरांच्या एकेका साहाय्यक कोशिकेपासून वाढविलेली संतती त्यांनी तपासली. काही संततींतून इंटरल्यूकिन-२ व इंटरफेरॉन-गॅमा स्रवत होते, तर इतरांतून इंटरल्यूकिन-४. पहिल्या प्रकाराला टीएच-१ व दुसऱ्याला टीएच-२ ही नावे देण्यात आली.

महाभक्षी कोशिकांनी इंटरल्यूकिन-१२ स्रवल्यास साहाय्यक कोशिकेत टी-बेट हे नियंत्रक प्रथिन वाढते आणि ती टीएच-१ बनते. तिच्या इंटरफेरॉन-गॅमामुळे महाभक्षी कोशिका उत्तेजित होऊन आपल्या पोटातच दडून बसलेल्या जंतूंना मारू शकतात. क्षय व कुष्ठरोग यांचे जंतू नेमके तेथेच राहतात. याउलट, सभोवती इंटरल्यूकिन-४ असल्यास गाटा-३ हे नियंत्रक प्रथिन प्रभावी होऊन टीएच-२ कोशिका निर्माण होते. अंकुशकृमीसारख्या आंत्रातील मोठ्या परजीवींविरुद्ध लागणारी आयजीई प्रतिपिंडे व इओसीनरागी श्वेत कोशिका यांची वाढ ती घडवून आणते. परागकण किंवा धूळ यांसारख्या निरुपद्रवी पदार्थांविरुद्ध हीच यंत्रणा सुरू झाली म्हणजे दमा व अधिहर्षतेचे विकार उद्‌भवतात. हे दोन प्रकार परस्परांना दडपतात, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. इंटरफेरॉन-गॅमा टीएच-२ची वाढ रोखते, तर इंटरल्यूकिन-४ टीएच-१ची. त्यामुळे सुरुवातीचा लहानसा कलही पुढे पक्का होत जातो.

पुढे आणखी प्रकार ज्ञात झाले. टीएच-१७ कोशिका (२००५) उदासीनरागी श्वेत कोशिकांना बोलावून कवक व कोशिकाबाह्य जंतूंचा प्रतिकार करतात. सोरियासिससारख्या विकारांतही त्यांचा वाटा असतो. पुटक-साहाय्यक कोशिका लसीका ग्रंथींत बी-कोशिकांना चांगल्या प्रतीची प्रतिपिंडे तयार करण्यास मदत करतात. नियामक कोशिका वस्तुतः साहाय्य करीत नाहीत, तर आवर घालतात. त्यांच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे सर्व प्रकार बंदिस्त कप्पे नव्हेत. एक प्रकारची कोशिका दुसऱ्याचे गुणधर्म धारण करू शकते, आणि मानवी शरीरात टीएच-१ व टीएच-२ यांतील भेद उंदरांइतका काटेकोर नसतो.

कुष्ठरोगातील पुरावा : कुष्ठरोगाचा जंतू जी. ए. हान्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत पाहिला. तो अतिशय मंद गतीने वाढतो. त्याच्या एका विभाजनास सुमारे दोन आठवडे लागतात. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना रोग होतच नाही. ज्यांना होतो त्यांच्यात त्याची रूपे इतकी भिन्न असतात, की रिडली व जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये त्यांची एक सलग मालिकाच मांडली. तिच्या एका टोकास क्षयाभ रूप असते. त्यात मोजकेच, स्पष्ट कडेचे, बधिर चट्टे असतात व जंतू क्वचितच सापडतात. दुसऱ्या टोकास गाठाळ रूप असते. त्यात त्वचेतील महाभक्षी कोशिका जंतूंनी खच्चून भरलेल्या असतात. बहुसंख्य रुग्ण या दोहोंच्या मधल्या, अस्थिर अवस्थांत असतात.

गाठाळ रूपाच्या रुग्णाच्या रक्तात जंतुविरोधी प्रतिपिंडे विपुल असतात, तरीही जंतू वाढत राहतात. प्रतिपिंडे कोशिकेच्या आत पोहोचत नाहीत, हे यामागील साधे कारण होय. मृत जंतूंपासून बनविलेले लेप्रोमीन त्वचेत टोचल्यावर क्षयाभ रुग्णात तीन-चार आठवड्यांनी गाठ उमटते. गाठाळ रुग्णात काहीच होत नाही. तोच रुग्ण इतर बहुतेक जंतूंचा मात्र नेहमीप्रमाणे प्रतिकार करतो. म्हणजे दोष या एका जंतूपुरता असतो. याचे कारण १९९१ मध्ये रॉबर्ट मॉडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चट्ट्यांच्या ऊतकातून दाखविले. क्षयाभ चट्ट्यांत इंटरल्यूकिन-२ व इंटरफेरॉन-गॅमा यांचे, तर गाठाळ चट्ट्यांत इंटरल्यूकिन-४, ५ व १० यांचे प्राबल्य आढळले. उंदरांत पाहिलेला भेद अशा रीतीने मानवी रोगात प्रत्यक्ष दिसला.

टीएच-१चा मार्ग निर्धोक असतो असे नव्हे. जंतू तंत्रिकांच्या आवरणातील श्वान कोशिकांत राहत असल्यामुळे त्यांना मारताना तंत्रिकाही चिरडली जाते. मधल्या अवस्थेतील रुग्णात औषधोपचार चालू असताना टीएच-१ प्रतिकार एकाएकी उसळतो. चट्टे लाल होऊन सुजतात आणि काही दिवसांतच हात किंवा पाय लुळा पडू शकतो. त्यावर प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे वेळीच द्यावी लागतात. उपचार घेऊनही रोग बळावला, असा रुग्णाचा ग्रह होऊन तो औषध सोडण्याचा धोका याच वेळी सर्वाधिक असतो. गाठाळ रूपात येणारी ताप व वेदनायुक्त गाठींची प्रतिक्रिया निराळी असून तिच्यात प्रतिजन व प्रतिपिंड यांच्या संयुगांचा भाग असतो. [⟶ कुष्ठरोग].

महाराष्ट्रातील संशोधन : टीएच-१, टीएच-२ ही नावे प्रचारात येण्यापूर्वीच मुंबईत या प्रश्नावर काम सुरू झाले होते. तेथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ मध्ये कमल रणदिवे (१९१७–२००१), सी. व्ही. बापट व सहकाऱ्यांनी गाठाळ रूपाच्या रुग्णांपासून एक जंतू संवर्धित केला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ असे नाव पडले. तो कुष्ठरोगाचाच जंतू असल्याचे मान्य झाले नाही. क्षयजंतूच्या कुलातील दुसऱ्याच एका गटात त्याची गणना होते. तथापि कुष्ठजंतूशी त्याचे प्रतिजनी साम्य असल्याने मूळ अपेक्षा फसली तरी त्याचा उपयोग टळला नाही. माधव देव व सहकाऱ्यांनी किरणांनी मृत केलेल्या या जंतूंची लस गाठाळ रुग्णांना टोचली असता, लेप्रोमिनला दाद न देणाऱ्या अनेकांत गाठ उमटू लागली; म्हणजेच बंद पडलेला कोशिकाजन्य प्रतिकार जागा होऊ शकतो असे दिसून आले. तमिळनाडूत १९९१ मध्ये सुरू झालेल्या तौलनिक चाचणीत (निष्कर्ष १९९८) या लशीने सु. ६५% संरक्षण दिले, तर केवळ बीसीजीने सु. ३४%. तिचा सार्वत्रिक वापर झाला नाही. त्याच सुमारास बहुविध औषधोपचाराने रुग्णसंख्या झपाट्याने घटली होती, आणि दर दहा हजारी एकाहून कमी रुग्ण हे लक्ष्य राष्ट्रीय पातळीवर गाठल्याचे भारताने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. रणदिवे यांनी उत्तरायुष्यात अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली.

रोगशोध व प्रतिबंध : साहाय्यक कोशिकांच्या प्रकारावर रुग्ण सापडण्याची शक्यताही अवलंबून असते. क्षयाभ रूपातील बधिर चट्टा रुग्णाला स्वतःलाच जाणवतो. गाठाळ रूपातील आरंभीचे चट्टे फिकट, अस्पष्ट कडांचे असून त्यांत संवेदना टिकून असते. त्यामुळे सर्वांत अधिक जंतू बाहेर टाकणारा रुग्णच सर्वांत उशिरा ओळखला जातो. शिवाय त्याचा परिपाक काल अनेक वर्षांचा असतो. अकोल्यातूनच वाहत येणाऱ्या प्रवरेच्या खालच्या खोऱ्यात, श्रीरामपूरच्या ऊस पट्ट्यात, गळीत हंगामापुरती येणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबे पाहिली, की एका ठिकाणच्या एका तपासणीचा उपयोग मर्यादित का, हे ध्यानात येते. संसर्ग एका गावी, लक्षणे दुसऱ्या गावी व नोंद तिसऱ्या गावी, असे होऊ शकते. यास्तव रुग्णाच्या घरच्यांची व शेजाऱ्यांची पुनःपुन्हा त्वचातपासणी करण्यावर भर देतात. अशा निकटवर्तीयांना रिफँपिसिनची एकच मात्रा द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. बांगलादेशातील चाचणीत पहिल्या दोन वर्षांत या मात्रेने नवे रुग्ण सु. ५७ टक्क्यांनी घटले होते. या औषधाने साहाय्यक कोशिकांचा कल बदलत नाही. शरीरातील जंतूंची संख्या अल्प असतानाच ती आणखी घटते.