शाळा सुटली तरी दहावी सुटत नाही

सख्यांनो, गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब उरकला की घरच्या गोष्टी निघतात. "पोरगी आठवीपासून घरीच आहे." "दिवाळीनंतर आमच्यासंगं ऊसतोडीला आली, आता परत वर्गात बसायला लाजती." सेनगाव, औंढा, कळमनुरीकडं अशी घरं शोधावी लागत नाहीत. शाळा तुटली की लगेच स्थळं यायला लागतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण रोज शाळेत न जाताही दहावी करता येते. त्याचे तीन सरकारमान्य रस्ते आहेत.

१) सतरा नंबरचा फॉर्म. हा आपल्या राज्य मंडळाचाच फॉर्म. मुलगी किमान पाचवी पास हवी आणि वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळची एक शाळा 'संपर्क केंद्र' म्हणून निवडायची आणि कागदपत्रं तिथं द्यायची. परीक्षा शाळेतल्या मुलांबरोबरच, प्रश्नपत्रिकाही तीच. आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो.

२) राष्ट्रीय मुक्त विद्यालय. लोक याला एनआयओएस म्हणतात. केंद्र सरकारनं १९८९ मध्ये सुरू केलेली ही संस्था. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं, मराठी माध्यम आहे. विषय पाच. सगळे एकदम सुटले पाहिजेत असं नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, जमेल तसा एकेक विषय काढता येतो. परीक्षा वर्षातून दोनदा होते: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

३) महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. हे २०१७ मध्ये स्थापन झालं. इथं पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा पायऱ्या आहेत. जिची पाचवीही झाली नाही तिला सतरा नंबर चालत नाही. तिनं इथून सुरुवात करावी.

मग कोणता रस्ता घ्यायचा? आधी एकच गोष्ट बघा: परीक्षेच्या वेळी पोरगी गावात असते का? राज्य मंडळाची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हा तोडीची टोळी कारखान्यावरच असते. म्हणून जे घर दरसाल स्थलांतर करतं, त्यांना एप्रिल-मेची राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा सोयीची. मात्र परीक्षा केंद्र कुठं येईल ते प्रवेशाआधीच विचारा. जी घरकामामुळं किंवा शाळा लांब म्हणून थांबली, पण गावातच आहे, तिला सतरा नंबर बरा.

आत्ताच करायच्या गोष्टी

• शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. सतरा नंबरला मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर दुय्यम दाखला आणि प्रतिज्ञापत्र. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख जुळते का तेही बघा.

• सतरा नंबरची मुदत पावसाळ्यात असते, परीक्षेच्या कितीतरी आधी. जूनपासूनच शाळेत चौकशी करा. उशीर झाला तर विलंब शुल्क भरावं लागतं.

• फी दरवर्षी बदलू शकते. ती मंडळाच्या संकेतस्थळावर बघा आणि पावती घ्या. "घरबसल्या पास करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. पैसेही जातात आणि वर्षही. वरच्या तीन नावांशिवाय वेगळ्या मंडळाचं नाव कुणी सांगितलं, तर आधी शाळेत जाऊन खात्री करा.

• फीसाठी पैसे नसतील तर गटाच्या अंतर्गत कर्जातून द्या. बी-बियाण्याला देतो तसंच.

हे फक्त पोरींसाठी नाही. आपल्यातल्या ज्या सुना सातवी-आठवीवर थांबल्या, त्यांनाही हे रस्ते खुले आहेत. वयाची वरची अट नाही. अंगणवाडी सेविकेच्या भरतीला आता बारावी पास मागतात, आणि बारावीचं दार दहावीतूनच उघडतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक यादी करावी: कुणाच्या घरी कोण, कितवीला थांबलं, दाखला आहे का. ती यादी ग्रामसंघाकडं द्या. म्हणजे मुदत सुरू झाली की सगळ्यांचे फॉर्म एकदमच भरता येतील.