अहवालाच्या पहिल्या तीन ओळी

भाजीपाल्याच्या शेतकऱ्याच्या हाती माती परीक्षणाचा अहवाल पडला की नजर सरळ नत्र, स्फुरद, पालाश या ओळींवर जाते. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तो कागद पसरला तरी बोट तिथंच टेकतं, कारण अठरा-सेहेचाळीसच्या गोण्या किती आणि पोटॅश किती, एवढाच प्रश्न तिथं सोडवायचा असतो. त्या ओळींच्या वर आणखी तीन ओळी छापलेल्या असतात: सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्या बहुधा कुणी वाचत नाही. माझं म्हणणं असं, की नारायणगाव, गिरणारे, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यांत एक-दीड एकरावर टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, फ्लॉवर करणाऱ्याला लहरी पावसात जे कामाला येईल, ते या वरच्या ओळींत आहे. खालच्या ओळींवरून खताचं बिल ठरतं. तीन आठवड्यांची उघडीप किंवा एका रात्रीत कोसळलेला पाऊस तो प्लॉट कसा सोसेल, याचा अंदाज वरच्या ओळी देतात.

पण आकडा कोणताही असो, तो आधी नमुन्यावर उभा असतो. एकरभर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात साधारण नऊ लाख किलो माती असते. प्रयोगशाळेत पोचते ती अर्धा किलो, आणि सेंद्रिय कर्बासाठी तराजूवर चढते ती एक ग्रॅम. त्या एका ग्रॅमनं नऊ लाख किलोची साक्ष द्यायची असेल, तर प्लॉटमध्ये नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी खड्डे घ्यायला हवेत, खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीनं कापायला हवी, आणि ती सगळी मिसळून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन टाकून देत देत अर्ध्या किलोवर आणायला हवी. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग पडून गेलेली जागा टाळायची. माती सावलीत वाळवायची. युरियाच्या रिकाम्या गोणीत भरायची नाही. जस्त-लोह बघायचं असेल तर गंजलेलं खुरपं वापरायचं नाही. हे प्रत्येक पुस्तिकेत असतं. पुस्तिकेत सहसा नसतं ते ड्रिपच्या बेडबद्दल. ड्रिपरच्या खाली माती धुतली जाते आणि ओल जिथवर पोचते त्या कडेला क्षार साचतात. मल्चिंग नसेल तर उन्हाळ्यात ती पांढरट कड नुसत्या डोळ्यांनी दिसते. वीतभर अंतरावर एवढा फरक असताना खड्डा कुठं घेतला त्यावर क्षारतेचा आकडा फिरतो. म्हणून ड्रिपच्या प्लॉटमध्ये ड्रिपरजवळची, मधली आणि कडेची अशी तिन्ही ठिकाणची माती एकत्र करावी. शंका असेल तर कडेची वेगळी द्यावी.

सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेचं काय, असं कुणी विचारेल. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगढ इथं सुरू झाली आणि बारा घटकांचा अहवाल शेतकऱ्याच्या घरापर्यंत नेण्याचं मोठं काम तिनं अंगावर घेतलं. नमुन्याची आखणी मात्र बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक अशी होती. महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी जमीन किती, तर २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर. म्हणजे बागायतीतही एका नमुन्यात जवळजवळ दोघांची जमीन आली. शेजाऱ्याचं ज्वारी-हरभऱ्याचं रान आणि आपला वर्षानुवर्षं टोमॅटोखाली असलेला प्लॉट एकाच चौकटीत पडले, तर येणारा आकडा दोघांपैकी कुणाचाच नसतो. तालुक्याचा सुपीकता नकाशा काढायला ही पद्धत योग्य आहे, आणि त्यासाठी ती चालू राहावी. पण प्लॉटचा निर्णय प्लॉटच्याच मातीवर घ्यायला हवा.

आता खालच्या ओळींवर माझा भरवसा कमी का, ते सांगतो. नत्राचा आकडा सगळ्यांत डळमळीत. पिकाला लगेच मिळणारं नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर हलतं. मे महिन्यातल्या नमुन्याचा आकडा जूनच्या दोन जोरदार पावसांनंतर जुना झालेला असतो. काही ठिकाणी तर नत्र वेगळं मोजतच नाहीत, कर्बाच्या आकड्यावरून बसवतात. स्फुरदाचा आकडा त्यामानानं टिकाऊ, पण वर्षानुवर्षं अठरा-सेहेचाळीस आणि दहा-सव्वीस-सव्वीस घातलेल्या प्लॉटमध्ये तो बहुधा ‘जास्त’च येतो. तिथं त्याचा अर्थ ‘यंदा हात आखडा’ एवढाच, कारण वाढीव स्फुरदानं जस्ताची उचल अडते. ‘कमी’ असेल तर शिफारशीत पाव भाग वाढ, ‘जास्त’ असेल तर पाव भाग कपात, हा रूढ हिशेबही ठोकळ आहे. डॉ. बी. राममूर्ती यांनी १९६७च्या सुमारास अपेक्षित उत्पादनावरून खताची मात्रा काढण्याची समीकरणं मांडली. राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्यावर काम झालं. ती समीकरणं जास्त नेमकी आहेत, पण काउंटरवर ती कुणी मांडून दाखवत नाही.

सेंद्रिय कर्बाची तपासणी बघण्यासारखी असते. बारीक चाळलेली एक ग्रॅम माती काचेच्या शंकूपात्रात घेतात, त्यावर नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट आणि मग जपून तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओततात. पात्र हाताला चटका देण्याइतकं तापतं. अर्धा तास ते तसंच ठेवायचं. मग पाणी, फॉस्फरिक आम्ल आणि निदर्शकाचे थेंब घालून वरच्या नळीतून फेरसचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. गडद निळा-जांभळा रंग पालटत येतो आणि एका थेंबासरशी लख्ख हिरवा होतो. तो थेंब ओळखण्यात सगळं कौशल्य. चार थेंब जास्त गेले तर प्लॉटचा कर्ब कागदावर उगाच घटतो. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ची ही पद्धत अजून चालते, कारण ती स्वस्त आहे आणि देशभरचे आकडे तिच्यातच आहेत. आपल्याकडच्या वर्गवारीत ०.४०च्या खाली कर्ब ‘कमी’, ०.६०पर्यंत ‘मध्यम’. कर्ब एक टक्क्यानं वाढला की एकरात लाखो लिटर पाणी साठतं, हा सभांमधून सांगितला जाणारा हिशेब मला फुगवलेला वाटतो. भारी काळी जमीन कर्ब कमी असतानाही पाणी भरपूर धरते. कर्बाचा खरा उपयोग मातीच्या रव्याला. रवा टिकला तर धो धो पावसात पृष्ठभाग लिंपल्यासारखा बंद होत नाही, पाणी आत उतरतं आणि वाफसा लवकर येतो. टोमॅटोच्या मुळाला दोन दिवस हवा मिळाली नाही तर पुढची सगळी खतं वाया जातात. कर्ब वाढवणं मात्र सोपं नाही. ०.१ टक्का वाढ म्हणजे एकरी सुमारे नऊशे किलो निव्वळ कर्ब मातीत टिकायला हवा, आणि आपल्या उन्हात शेणखताचा बराचसा भाग लवकरच जळून जातो. म्हणून या ओळीकडं दर दोन-तीन वर्षांनी बघावं, आणि आकडा निदान घसरत नाही ना, एवढं तपासावं.

क्षारतेची ओळ मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. वीस ग्रॅम माती, पन्नास मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, थोडं ढवळणं, अर्ध्या तासानं मीटर बुडवणं, एवढीच ही तपासणी. एक डेसिसायमनच्या आत आकडा असला तर सहसा चिंता नाही. त्याच्या जवळ गेला तर घेवडा, गाजर, कांदा आधी तक्रार करतात, टोमॅटो त्यामानानं सोशिक. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा उघडिपीत विहीर खोल जाते, बोअरचं पाणी मचूळ होतं, ड्रिपमधून विद्राव्य खतं चालूच असतात आणि कडेचे क्षार वाढत जातात. मग एक हलकी सर येते. पाऊस आला म्हणून ड्रिप बंद होतं, आणि उघड्या बेडवर नेमकी तीच सर कडेचे क्षार मुळांकडं ढकलते. रोपं माना टाकतात, मर समजून बुरशीनाशक सोडलं जातं. क्षारतेचा आकडा ज्याला माहीत आहे, तो हलक्या पावसातही ड्रिप चालू ठेवतो, म्हणजे क्षार बाहेरच राहतात. पावसात पाणी देणाऱ्याला गावात हसतील, हसू द्यावं.

कागदावर नसलेली चौथी ओळ म्हणजे मुक्त चुनखडी. पत्रिकेच्या बारा घटकांत ती नाही, आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत तिच्यावाचून सामूचा आकडा अर्धवट राहतो. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि ती फसफसली, तर चुनखडी आहे हे तिथल्या तिथं कळतं; किती आहे ते प्रयोगशाळा सांगते. अशा जमिनीत संततधार लागली की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कोवळी पानं आधी पिवळी पडत असतील तर दुखणं लोहाचं. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात. लोह मातीत असतंच, ते अडकलेलं असतं. युरिया टाकून ते सुटत नाही. चर काढून पाणी बाहेर घालवावं, वाफसा येऊ द्यावा आणि लोह फवारणीतून द्यावं. ड्रिपमधून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्यावं; स्वस्तातलं ईडीटीए चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. आठवडाभराच्या पावसानंतर दुकानात होणाऱ्या खरेदीत एवढ्या एका माहितीनं फरक पडतो.

यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. एकरी खर्च लाखांत जातो, तिथं दोन गोण्या जास्त पडल्या तर काय बिघडलं, उलट तेवढीच खात्री. पण ही खात्री उलटी फिरते. जादा नत्रानं पीक लुसलुशीत होतं आणि रसशोषक किडी जमतात. जादा पालाशनं कॅल्शियमची उचल अडते, आणि पाण्याच्या पाळ्या चुकल्या की टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो. प्रत्येक जादा गोणी म्हणजे बेडमध्ये जादा क्षार, आणि मातीत क्षार वाढले की कोरड्या दिवसांत मुळांना पाणी ओढणं जड जातं. विम्याचा हप्ताच नुकसान करणार असेल तर तो भरू नये. दुसरा आक्षेप, गारपीट आणि भाव यांपुढं अहवाल काय करणार? काही नाही. २०२३च्या जुलैत टोमॅटोनं विक्रमी भाव दाखवला आणि सप्टेंबरात तोच माल शेतकऱ्यांना फेकून द्यावा लागला. मातीच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही. पण जे हातात नाही त्याच्या नावानं, जे हातात आहे ते सोडून देणं मला पटत नाही.

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. तीच माती नीट मिसळून दोन पिशव्यांत, दोन वेगळ्या नावांनी एकाच प्रयोगशाळेत द्यावी. कर्ब आणि क्षारता जवळपास आली तर ती प्रयोगशाळा धरून ठेवावी आणि पुढची सगळी तुलना तिच्याच आकड्यांशी करावी. अहवाल लागवडीनंतर हाती येतो, हे गाऱ्हाणंही बरोबर. त्यावर नमुना आधी देणं एवढाच उपाय. सामू आणि क्षारतेचं मीटर तर गटातल्या आठ-दहा जणांनी मिळून घ्यायला हरकत नाही. बोअरचं पाणीही त्यातच तपासता येतं.

उन्हाळी प्लॉट संपला आणि नवं खत पडायचं आहे, तो मधला काळ नमुन्याला योग्य. यंदा पिशवीत चिठ्ठी टाकाल तेव्हा तिच्यावर नाव, गट नंबर, आधीचं पीक आणि पुढचं पीक लिहा, आणि खाली एक ओळ जोडा: मुक्त चुनखडीही तपासावी.