चार रेणूंचे दोन

1901 साली आंरी ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगात स्फोट झाला. नायट्रोजन आणि हायड्रोजन 200 वातावरणांच्या दाबाखाली तापवून अमोनिया करायचा बेत होता. मिश्रणात हवा राहून गेली होती आणि तापलेल्या हायड्रोजनला प्राणवायू मिळाल्यावर दुसरे काय होणार? सहायक थोडक्यात बचावला. ल शातेलिए यांनी तो नाद सोडला आणि पुढे त्याची हळहळ करीत राहिले. दाब वाढवला की अमोनिया जास्त मिळेल, हे ज्या नियमावरून कळते तो नियम 1884 मध्ये त्यांनीच मांडला होता!

नियम असा: समतोलात असलेल्या अभिक्रियेवर ताण आणला, तर ती तो ताण हलका होईल अशा दिशेला सरकते. वायूंच्या बाबतीत रेणू मोजले की उत्तर मिळते. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन, असे चार रेणू जाऊन अमोनियाचे दोन होतात. रेणू कमी म्हणजे जागाही कमी लागते, म्हणून दाब वाढताच समतोल अमोनियाच्या बाजूला झुकतो. याउलट हायड्रोजन आणि आयोडीनची वाफ यांचे दोन रेणू जाऊन हायड्रोजन आयोडाइडचेही दोनच होतात. तिथे कितीही दाबा, अभिक्रियेचा वेग वाढेल, पण समतोल जागचा हलणार नाही.

हे डोळ्यांनीही पाहता येते. नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी, विषारी वायू. त्याचे दोन रेणू जोडले की रंगहीन नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनते. बंद सिरिंजमध्ये हे मिश्रण भरून दट्ट्या दाबला, की रंग आधी एकदम गडद होतो, कारण तेवढेच रेणू कमी जागेत कोंबले गेलेले असतात. मग क्षणात तो थोडा फिका पडतो. पाठ्यपुस्तके फिकेपणाचे सांगतात, आधीच्या गडदपणाबद्दल मात्र बहुतेकदा गप्प असतात. खरे तर रंग पुन्हा मूळच्याइतका फिका होतच नाही. समतोल ताण हलका करतो, पुसून टाकत नाही.

ल शातेलिए यांनी सोडलेला धागा जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी धरला. वातावरणाच्या दाबाला, सुमारे 1000 अंश तापमानाला त्यांना दहा हजार रेणूंमागे अमोनियाचा एखादाच रेणू मिळाला होता. या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापमान जितके कमी तितका समतोल अनुकूल. पण थंड वायू ढिम्म हलत नाहीत. उत्प्रेरक घालून 400 अंशांपर्यंत खाली आले, तरी साध्या दाबाला शेकडा अर्धाही अमोनिया मिळत नाही. त्याच तापमानाला दाब 200 वातावरणे केला, तर समतोलात अमोनियाचे प्रमाण शेकडा 35 च्या पुढे जाते. जुलै 1909 मध्ये कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत हाबर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ल रॉसिन्योल यांनी ऑस्मियमच्या उत्प्रेरकावर द्रव अमोनिया थेंब थेंब गळताना बीएएसएफ कंपनीच्या माणसांना दाखवला.

कागदावर प्रश्न सुटला. पोलादाचा मात्र सुटला नव्हता. बीएएसएफच्या कार्ल बॉश यांनी मोठ्या नळ्या बनवल्या, त्या सुमारे 80 तासांत फुटल्या. तापलेला, दाबलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन पळवत होता आणि धातू ठिसूळ होत होता. बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचे अस्तर दिले आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोके पाडली; अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन तिथून निघून जाई. 1913 मध्ये कंपनीचा ओपाऊ इथला अमोनियाचा कारखाना सुरू झाला. मला तर ही भोके नियमाइतकीच मोलाची वाटतात.

अलिबागजवळच्या थळला आरसीएफ या खत कंपनीच्या कारखान्यात आज नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया बनतो. अशा कारखान्यांतली गंमत वेगळीच. हायड्रोजन मिळवायला मिथेन आणि वाफ यांची अभिक्रिया घडवतात. तिच्यात दोन रेणूंचे चार होतात, म्हणजे दाब तिला नकोच असतो. तरीही ती सहसा 20 ते 30 वातावरणांच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबाखाली चालवतात. पुढे हा वायू दाबायचाच आहे आणि तयार झालेला फुगीर वायू दाबण्यापेक्षा कच्चा माल आधीच दाबून घेणे स्वस्त पडते. समतोलात झालेला तोटा वाफ जास्त सोडून आणि भट्टी 800 अंशांच्या वर तापवून भरून काढतात.