पहिल्याच दिवशी हाती पंख

जर्मनीतल्या ग्लायडिंग क्लबच्या मैदानावर नवखा माणूस आला की त्याच्या वाट्याला लवकरच काहीतरी काम येतं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. त्याची चाकं पोटाखाली एकामागे एक असतात. त्यामुळे उभं असताना ते एका पंखावर कललेलं असतं. उड्डाणाच्या वेळी कुणालातरी तो पंख उचलून समतोल धरावा लागतो आणि पहिली काही पावलं त्याच्यासोबत धावावं लागतं. पंख धरायचं हे काम नवख्याला शिकवलं जातं. याशिवाय केबल जोडणारा हवा, केबल खेचणारं यंत्र म्हणजे विंच चालवणारा हवा, इशारे देणारा, वहीत नोंदी करणारा, उतरलेलं ग्लायडर ओढून परत आणणारा हवा. हा एकट्याचा छंदच नाही. हौशी उड्डाणाच्या या प्रकारात नवागताला सहज जागा मिळते, ती त्याची खरोखर गरज असते म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

या परंपरेचा उगम एका अडचणीतून झाला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानविद्येवर कडक बंधनं आली. इंजिनाची विमानं अवघड झाली, तेव्हा उत्साही तरुण बिनइंजिनाच्या विमानांकडे वळले. ‘फ्लुगस्पोर्ट’ मासिकाचे संपादक ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकाराने 1920 मध्ये वासरकुप्पे या डोंगरावर पहिली स्पर्धा भरली. 1922 मध्ये आर्थर मार्टेन्स ‘व्हाम्पिर’ ग्लायडरमध्ये तासाहून अधिक काळ हवेत राहिले. शिकवण्याची पद्धत मात्र निष्ठुर होती. सांगाडावजा, एकाच आसनाच्या ग्लायडरमध्ये शिकाऊ एकटा बसायचा, सोबती रबरी दोर ताणून त्याला उतारावरून सोडायचे आणि शिक्षक जमिनीवरून ओरडून सूचना द्यायचा. पुढे दोन आसनांची ग्लायडर आली आणि शिक्षक पाठीमागे बसू लागला.

आज जगभरातल्या अनेक क्लबांत नवख्याची गाठ पडते ती एएसके 21 या ग्लायडरशी. वासरकुप्पेच्या पायथ्याशी पोपेनहाउझेनला 1927 पासून असलेल्या श्लायशर कारखान्याने ते बनवलं आणि 1979 मध्ये ते प्रथम उडालं. रचना रुडॉल्फ कायझर यांची. 17 मीटर पसरलेले पंख, फायबरग्लासचं अंग, आणि शांत हवेत 1 किलोमीटर उंचीवरून सुमारे 34 किलोमीटर तरंगत जाण्याची क्षमता. पण त्याची खरी थोरवी त्याच्या क्षमाशील स्वभावात आहे. शिकाऊने नाक जास्त वर उचललं, तरी ते एकदम एका पंखावर कोसळत नाही. थरथरून इशारा देतं, हळूहळू उंची सोडतं. ते इतकं सालस आहे की गिरकी घेत खाली जाण्याची अवस्था, म्हणजे स्पिन, शिकवायची तर शेपटीत मुद्दाम वजनं बसवावी लागतात. असं यंत्र घडवताना ज्याने नवख्याच्या चुकांचा आधीच विचार केला, त्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

उड्डाण बहुधा विंचने होतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला इंजिनावर फिरणारा मोठा ड्रम असतो. त्याची सुमारे 1 किलोमीटर लांबीची केबल गुंडाळली जाऊ लागली की ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. मिनिटभरात 400 मीटरच्या आसपास उंची, मग केबल सुटते आणि फक्त वाऱ्याचा आवाज उरतो. समोरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा मधोमध राहिला, तर विमान हवेत आडवं न घसरता जातंय असं समजायचं. वर उचलणारी उष्ण हवा मिळाली नाही, तर पाच-सहा मिनिटांत जमीन येते. मिळाली, तर तास सहज जातात.

जर्मनीत वयाच्या 14व्या वर्षी एकट्याने ग्लायडर उडवता येतं आणि 16व्या वर्षी परवाना मिळू शकतो. क्लबांतले शिक्षक बहुधा मानधनाशिवाय शिकवतात. हिवाळ्यात सगळे कार्यशाळेत ग्लायडरची डागडुजी करतात. पहिली एकल उड्डाणं पार पडली की सोबती त्या मुलाच्या किंवा मुलीच्या पार्श्वभागावर एकेक चापटी मारतात, उष्ण हवेची चाहूल बसल्या जागी लागावी म्हणून! हातात काटेरी रानफुलांचा गुच्छही देतात.

सगळ्यांनी मिळून उडवण्याच्या या पद्धतीची किंमतही मोठी आहे. दोन छोट्या उड्डाणांसाठी अख्खा दिवस मैदानावर काढावा लागतो. नोकरी आणि लहान मुलं सांभाळणाऱ्यांना ते जमत नाही, हे क्लबांनी मान्य करायला हवं. आणि जो नवखा दिवसभर कडेला उभा राहिला, ज्याच्याशी कुणी चार शब्द बोललं नाही, तो बहुधा परत येत नाही. प्रत्येक नवागताला त्या दिवसापुरता एक सोबती नेमून द्यावा. त्याला खर्च शून्य.

आपल्याकडे पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे, किंवा परदेशात राहत असाल तर जवळच्या क्लबात, उड्डाणं कधी असतात ते आधी विचारा. गेल्यावर फक्त एक फेरी मागू नका. पंख धरायला शिकवा, असं सांगा.