मुलामा प्लगला की आवाजाला?

विजेच्या प्लगला सोन्याचा मुलामा दिला तर गाणं जास्त उबदार ऐकू येतं का? आणि रोडियमचा दिला तर जास्त स्वच्छ? मित्रहो, प्रश्न चेष्टेचा वाटेल. पण घरी चांगली म्युझिक सिस्टिम बाळगणाऱ्या हौशी लोकांमध्ये यावर तासन् तास वाद चालतात. जपानमधली फुरुटेक ही १९८८ साली सुरू झालेली कंपनी ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे खुपसायचा तोच कनेक्टर वेगवेगळ्या मुलाम्यांत विकते. सोन्याचा वेगळा, रोडियमचा वेगळा. आकार तोच, काम तेच, फक्त वरची कातडी निराळी. किंमत हजारांच्या घरात.

मी साहित्याची विद्यार्थिनी. फिजिक्स बारावीपर्यंतचं. तरीही हा विषय आपल्या मंडळाच्या अंकासाठी घेतला, कारण या वादात अर्धा भाग धातूंचा असला तरी अर्धा भाग शब्दांचा आहे. आधी धातूंकडे बघू.

मुलामा कशासाठी असतो हे समजायला जपानला जायची गरज नाही. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात पितळेची आणि तांब्याची भांडी असायची आणि वर्षातून एकदोनदा कल्हईवाला दारावर यायचा. कल्हई म्हणजे भांड्याच्या आतून दिलेला कथिलाचा पातळ थर. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, कारण आंबटाची आणि तांब्याची गाठ पडते. कल्हईमुळे आमटीला चव येते असं कुठलीच आजी म्हणत नव्हती. आमटी बिघडत नाही, एवढंच कल्हईचं काम.

प्लगवरच्या मुलाम्याचं कामही नेमकं हेच. आतली पिन पितळेची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची असते. हवा लागली की तिच्यावर ऑक्साईडचा थर चढतो, आणि हा थर वीज नीट वाहू देत नाही. म्हणून वर दुसरा धातू चढवतात. कथिल स्वस्त, पण मऊ. जोड सतत किंचित हलत राहिला की घासून त्याच्या ऑक्साईडचा भुगा होतो. निकेल टणक आणि स्वस्त, म्हणून साध्या प्लगांवर बहुतेक तेच दिसतं. चांदी विजेची सगळ्यांत उत्तम वाहक, पण हवेतल्या गंधकाने काळी पडते. देवघरातल्या किंवा शोकेसमधल्या चांदीकडे बघा. सोनं गंजतही नाही, काळंही पडत नाही. मात्र मऊ असल्यामुळे झिजतं. रोडियम फार टणक आणि चकचकीत. सोनार पांढऱ्या सोन्याच्या अंगठीवर जो शेवटचा हात देतात तो बहुधा रोडियमचाच असतो.

इथे एक गंमत आहे. सोनं थेट तांब्यावर चढवलं तर काही काळाने तांबं सोन्यातून झिरपून वर येतं. म्हणून कित्येकदा मध्ये निकेलचा थर देतात. म्हणजे ज्यांना निकेलचा आवाज कर्कश वाटतो आणि सोन्याचा गोड वाटतो, ते बऱ्याच वेळा दोन्हीतून आलेल्या विजेवरच गाणं ऐकत असतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, चार ओळींत संपेल. सोन्यापेक्षा रोडियमचा विजेला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट असतो. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. समजा, थर १ मायक्रॉन जाड आहे आणि वीज १ चौरस मिलिमीटर जागेतून जाते आहे. अशा वेळी सोन्याच्या आणि रोडियमच्या थरांतला फरक येतो एका ओहमच्या सुमारे पाच कोटीव्या भागाएवढा. आता मीटरपासून सॉकेटपर्यंत १० मीटर अंतर धरा. जाण्यायेण्याची मिळून २० मीटर तार झाली. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा तेवढ्या लांबीत विरोध होतो सुमारे ०.२३ ओहम. म्हणजे भिंतीतली साधी तार दोन मुलाम्यांमधल्या फरकाच्या एक कोटीपटीहून जास्त अडथळा करते. आणि भिंतीच्या अलीकडे रस्त्यावरचा खांब आणि ट्रान्स्फॉर्मर आहेतच.

जाणकार माणूस इथे म्हणेल की खरा प्रश्न थराच्या जाडीचा नसून स्पर्शाचा आहे. तो बरोबर बोलतोय. दोन धातू एकमेकांना टेकतात तेव्हा वरून सपाट दिसले तरी सूक्ष्मपणे पाहिलं तर डोंगरदऱ्या असतात, आणि फक्त शिखरं शिखरांना भेटतात. वीज त्या थोड्या ठिपक्यांतूनच जाते. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विजेच्या जोडांचा हाच अभ्यास आयुष्यभर केला. ठिपके किती आणि केवढे, हे ठरतं दाबावर, धातूच्या मऊपणावर आणि पृष्ठभाग स्वच्छ आहे की नाही त्यावर. म्हणजे सोन्याचा सैल प्लग आणि निकेलचा घट्ट प्लग यांत घट्ट प्लग जिंकायचा. बरं, घट्ट जोडाचा विरोध १ मिलीओहम धरला आणि ॲम्प्लिफायर १ ॲम्पियर वीज घेत असला तर तिथे व्होल्टेज घटतं १ मिलीव्होल्टने. २३० व्होल्टपैकी! शेजारच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला तरी आपल्याकडे काही व्होल्ट खालीवर होतात, आणि ॲम्प्लिफायर ते मुकाट्याने सोसतो.

तो सोसतो कारण त्याची रचनाच तशी आहे. प्लगमधून गाणं जात नाही, जाते ती ५० हर्ट्झची वीज. आत ट्रान्स्फॉर्मर तिचं व्होल्टेज बदलतो, डायोड तिला एकाच दिशेने वळवतात, मोठे कपॅसिटर ती साठवून समतल करतात. त्या साठ्यातून गाण्याला लागेल तेवढी शक्ती घेतली जाते. विहिरीचं पाणी टाकीत चढवून मग नळाने सोडावं, तसं.

मग सोन्याचा मुलामा अगदीच फुकट का? नाही. त्याची जागा वेगळी आहे. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणारा संदेश काही मिलीव्होल्टचा असतो. एवढ्याशा दाबाला जोडावरचा ऑक्साईडचा पापुद्रा फोडता येत नाही, त्यामुळे एका बाजूचा आवाज जातो किंवा खरखर येते. तिथे, म्हणजे मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए जोडांवर, सोनं खरोखर उपयोगी पडतं. विजेच्या प्लगवर २३० व्होल्ट असतात. असे पापुद्रे ते बहुधा सहज फोडतात. म्हणजे जिथे गाणं स्वतः वाहतं तिथे मुलाम्याला अर्थ आहे. जिथे फक्त इंधन वाहतं, तिथे घट्टपणा आणि स्वच्छता पुरे.

आपल्या किनारपट्टीवर मात्र स्वच्छताही आपोआप मिळत नाही. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस, भिंतींना ओल. उघड्या पितळेवर हिरवट थर यायला वेळ लागत नाही. म्हणून मुलामा असलेला प्लग घ्यावा, हे मीही म्हणेन. पण निकेलचा चालेल. शिवाय प्लग कितीही भारी घेतला तरी तो शिरणार भिंतीतल्या सॉकेटमध्येच. जोड दोघांचा असतो. एकाने सोनं घालून काय होणार?

हे सगळं मी वाचत बसले त्याला एक घरगुती कारण होतं. जहाजावरची नोकरी करून निवृत्त झालेले माझे एक अंकल आहेत. तारवटी माणूस, बंदराबंदरांतून आणलेल्या रेकॉर्डी जिवापाड जपलेल्या. सिस्टिममधून सतत एक बारीक गुणगुण येते म्हणून ते रोडियमचा कनेक्टर मागवायच्या बेतात होते. मी त्यांना विचारलं, "अंकल, ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का?" ते म्हणाले, "येतात गो, पण त्या तर पहिल्यापासूनच." घर जुनं. सॉकेटला तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. कनेक्टरच्या पैशांत वायरमन आला, अर्थिंग झालं, सैल सॉकेट बदलले. झिणझिण्या थांबल्या, गुणगुणही बरीच ओसरली.

ही गोष्ट फक्त अंकलच्या घरची नाही, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. सैल जोड गरम होतो. जोडाचा विरोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० ॲम्पियर गेले, तर त्या एवढ्याशा जागेत ५० वॉट उष्णता तयार होते. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते. ॲम्प्लिफायर इतकी वीज घेत नाही, पण त्याच बोर्डावर कुणी इस्त्री किंवा हीटर लावला तर? प्लग काढल्यावर पिन काळवंडलेली दिसली, जळका वास आला, सॉकेटमध्ये चरचर ऐकू आली, तर त्या दिवशी गाणं राहू द्या आणि वायरमनला बोलवा. आणि गुणगुण जावी म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. ती पिन आवाजासाठी नसून तुमच्या जिवासाठी आहे. सगळी उपकरणं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर आणली की बऱ्याचदा गुणगुण कमी होते.

आता शब्दांचा अर्धा भाग. मुलाम्यांबद्दल लोक काय लिहितात ते जमवत गेले तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. सोनं: उबदार, मऊ, गोलाईदार. चांदी: तेजस्वी, मोकळी, कधी धारदार. रोडियम: स्वच्छ, टणक, थंड. तांबं: नैसर्गिक. ही वर्णनं आवाजाची आहेत की धातूच्या रंगरूपाची? डोळे मिटून सोन्याच्या अंगठीचं वर्णन करायला सांगितलं तरी हेच शब्द येतील. रोडियमचं नाव तर ग्रीक भाषेतल्या गुलाबावरून आलं आहे. १८०४ साली विल्यम हाईड वोलस्टन यांनी तो शोधला, तेव्हा त्याचे क्षार गुलाबी रंगाचे होते. पण मुलामा पांढरा दिसतो, म्हणून त्याचा आवाज गुलाबी आहे असं कुणी लिहीत नाही. तो तसा दिसला असता तर लिहिलं असतं, असं मला वाटतं.

याचा अर्थ ही माणसं खोटं बोलतात असा नाही. आपण कानांनी एकट्याने ऐकत नाही. डोळ्यांना दिसलेलं, खिशातून गेलेलं आणि आधी वाचलेलं, सगळं मिळून ऐकतं. उपमा हे आपलं काम, म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे लवकर कळायला हवं: उपमा अनुभवाचं वर्णन करते, तशीच ती अनुभव घडवतेही. तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की सूर उघडतो; तिथे "उघडा सूर" या शब्दामागे प्रत्यक्ष घडलेला बदल असतो. प्लगच्या बाबतीत शब्द आधी येतो आणि बदल त्याच्या मागे शोधला जातो.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? त्याला एक प्रामाणिक पद्धत आहे. बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली ती मांडली. एक आवाज अ, दुसरा ब, आणि मग एक अनोळखी, जो या दोघांपैकीच कुठलातरी एक असतो. ऐकणाऱ्याने तो कुठला ते ओळखायचं. १६ वेळा केलं आणि निदान १२ वेळा बरोबर आलं, तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. बदल कोण करतोय ते ऐकणाऱ्याला दिसता कामा नये, आवाजाची पातळी दोन्ही वेळा तीच हवी, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच चांगला वाटतो. आणि प्लग बदलताना स्विच बंद, हे सांगायला नकोच.

पैसे स्वतःचे असतील आणि सोन्याच्या पिनेकडे बघून गाणं गोड लागत असेल, तर मी कोण नाही म्हणणार? फक्त क्रम ठरवून घ्या. आधी अर्थिंग, मग घट्ट सॉकेट, मग चांगले स्पीकर आणि ते खोलीत कुठे ठेवायचे याचा विचार. हे सगळं झाल्यावर पैसे उरलेच, तर रोडियम आहेच. आणि मंडळात कुणाकडे असा कनेक्टर असेल तर घेऊन या. सोळा फेऱ्यांचे कागद मी तयार ठेवते. उबदार, थंड, धारदार असले शब्द मात्र निकाल लागेपर्यंत कुणी उच्चारायचे नाहीत.